सव्वा तासाचे वादन आणि उरलेला दिवस : फिरत्या रॉक बँडमधली सहा वर्षे

कोल्हापुरात 'तालमीला जातो' असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम लाल माती उभी राहते. मी राजारामपुरीतल्या एका तळघरात बेस गिटार घेऊन तालमीला जातो, हे घरच्यांच्या गळी उतरवण्यात माझे पहिले वर्ष गेले. पुढची सहा वर्षे मी चौघांच्या एका रॉक बँडबरोबर सांगली, पुणे, मुंबई, बेळगाव आणि पणजी या रस्त्यांवर फिरलो. आता नवीन मुले भेटायला येतात, तेव्हा गिटारचा आवाज मोठा करणारा अँप कोणता घ्यावा आणि तो आवाज बदलणारे पेडल कोणते चांगले, एवढेच बहुधा विचारतात. हिशेब कोण लिहितो, चालक कधी झोपतो आणि मंचावरच्या विजेची तपासणी कोण करतो, हे प्रश्न माझ्यापर्यंत आजवर क्वचितच आले आहेत. आमच्या ओळखीतले जे बँड मोडले, ते मात्र सुरांच्या वादातून मोडले नाहीत, याच प्रश्नांची उत्तरे वेळेवर न शोधल्यामुळे मोडले.

वास्तविक फिरतीचा व्यवसाय या गावाला नवा नाही. कोल्हापूरच्याच केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये 'ललितकलादर्श' काढली, ती फिरती नाटक कंपनीच होती, आणि तमाशाचे फड व ऑर्केस्ट्रे आजही जत्रेच्या हंगामात गावोगाव जातात. सुपारी (कार्यक्रमाचे ठरलेले काम), इसार (आगाऊ रक्कम), बिदागी (मानधन) हे शब्द त्यांच्याकडूनच आमच्याकडे आले. इंग्रजी शब्द वापरल्याने व्यवहार आपोआप चोख होत नाही, हे आम्हाला उशिरा कळले. इसार हाती पडल्याशिवाय तारीख पक्की मानायची नाही, ही फडमालकांची जुनी रीत आम्ही तीन कार्यक्रम फुकट गेल्यानंतर स्वीकारली. तेव्हापासून ठरलेल्या रकमेचा निम्मा भाग आधी आणि उरलेला मंचावर चढण्यापूर्वी, असा आमचा नियम झाला. कार्यक्रम संपल्यावर आयोजक सापडत नाही, आणि सापडलाच तर त्याचा फोन लागत नाही.

आकडे सांगितल्याशिवाय हे पटणार नाही, म्हणून पुण्यातल्या एका कार्यक्रमाचा हिशेब आमच्या वहीतून जसाच्या तसा देतो. मानधन ठरले ३०,००० रुपये. आयोजक कंपनी होती, त्यामुळे १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, वजा होऊन हातात आले २७,०००. क्रूझर गाडी जाऊन-येऊन आणि शहरातला फेरफटका धरून ४८० किलोमीटर चालली, तिचे १६ रुपये दराने ७,६८० झाले. चालकाचा भत्ता ५००, टोल आणि पार्किंग मिळून ९००, सहा माणसांचे दोन वेळचे जेवण आणि चहापाणी २,४००, आमच्याबरोबर येणाऱ्या साउंड इंजिनियरचे ४,०००, आणि तारा, ड्रमच्या काठ्या व बॅटऱ्या यांचे १,००० असा एकूण खर्च १६,४८० झाला. उरलेल्या १०,५२० रुपयांपैकी २,५२० बँडच्या गल्ल्यात गेले आणि चौघांच्या वाट्याला प्रत्येकी २,००० आले. त्यासाठी आम्ही सकाळी सहाला कोल्हापूर सोडले होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला परतलो होतो. कापलेला टीडीएस बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळू शकतो. मात्र आयोजकाने तो खरोखर आपल्या पॅनवर भरला आहे की नाही, हे आयकर खात्याच्या कर-उताऱ्यात (आम्ही पाहत असू तो २६एएस) पाहावे लागते. आम्ही पहिली दोन वर्षे ते पाहिलेच नाही.

ही वही आमचा ड्रमर लिहीत असे. सर्वांत कमी बोलणारा म्हणून त्याची निवड झाली आणि ती योग्य ठरली. आलेला पैसा, गेलेला पैसा आणि कोणी कोणासाठी काय आगाऊ भरले, एवढेच तीत असे, परंतु ते त्याच रात्री, गाडीतल्या दिव्याखाली लिहिले जाई. 'उद्या लिहू' म्हटलेला खर्च महिन्याभराने भांडणाच्या रूपाने परत येतो. गल्ल्याबद्दलही सुरुवातीलाच बोलून घ्यावे, कारण अँप बिघडला तर दुरुस्ती मालकाने करायची की सर्वांनी मिळून, हा प्रश्न अँप चालू असताना सोपा असतो आणि बंद पडल्यावर फार अवघड होतो.

करारात पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक म्हणजे, आपण इतरांची गाणी वाजवणार असू, तर सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्क-संस्थेकडून आयोजक काढेल, हे स्पष्ट असावे. आपली स्वतःची गाणी असतील, तर गीतकार आणि संगीतकार म्हणून त्याच संस्थेचे सभासद होता येते. दुसरी गोष्ट वेळेची. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, पण आपला कार्यक्रम त्या १५ दिवसांत असेलच असे नाही. पत्रिकेवर साडेआठची वेळ असते, मग दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन होऊन सव्वानऊला माइक आपल्याकडे येतो, आणि दहाला पाच मिनिटे असताना मंचाच्या कडेला खाकी गणवेश दिसू लागतो. म्हणून आम्ही नेहमी ७५, ५० आणि ३० मिनिटांच्या तीन याद्या तयार ठेवत असू. गाणी गाळायची कोणती, हे मंचावर एकमेकांच्या तोंडाकडे पाहून ठरवता येत नाही.

आता विजेविषयी, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका स्नेहसंमेलनात आमच्या गायकाने गिटारच्या तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावले आणि तो दोन पावले मागे फेकला गेला. जिवावर बेतले नाही, पण त्याच्या ओठांची थरथर बराच वेळ थांबली नव्हती. कारण साधे होते. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या साउंडवाल्यांच्या यंत्राच्या, अर्थिंगला. अँप एका बोर्डावरून, मिक्सर जनरेटरच्या दुसऱ्या लाइनवरून, आणि त्यांपैकी एकीला अर्थिंगच नाही, अशी स्थिती असेल, तर या दोन धातूंमध्ये विजेचा दाब उभा राहतो आणि वादक स्वतःच्या शरीराने ते वर्तुळ पूर्ण करतो. त्या दिवशी नंतर मोजले, तेव्हा विजेचा दाब मोजणाऱ्या मल्टिमीटरने ९० व्होल्ट दाखवले.

तेव्हापासून मंचावर गेल्यावर पहिले काम वाद्य बाहेर काढण्याचे राहिले नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरे गिटारच्या तारेला लावायचे. आकडा शून्याच्या जवळ असेल तरच पुढे जायचे. नसेल तर आपले सगळे अँप आणि मंचावरचे बोर्ड मिक्सरच्याच लाइनवर घेण्याची विनंती साउंडवाल्यांना करायची, आणि तरीही आकडा उतरला नाही, तर वाजवायचे नाही. याचा आणखी एक फायदा असा, की दोन वेगळ्या अर्थिंगमुळे ध्वनिक्षेपकात येणारी ५० हर्ट्झची घरघर बहुतेक वेळा याच उपायाने थांबते. काही जण ती घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. असे करणाऱ्या माणसाला मी माझ्या गाडीत घेणार नाही, मग तो कितीही चांगला वाजवत असो. घरघर घालवायला डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) फक्त आवाजाच्या केबलचे अर्थिंग तोडणारी ग्राउंड लिफ्टची कळ असते आणि ती सुरक्षित आहे. पिन ही जीव वाचवण्यासाठी असते.

साउंडवाल्यांशी वागण्याविषयी एवढेच सांगतो, की त्यांना 'दादा' म्हणावे, आपली इनपुट लिस्ट (मिक्सरला जोडायच्या माइक व वाद्यांची यादी) आणि मंचाचा आराखडा दोन दिवस आधी पाठवावा, आणि तरीही त्यांनी तो पाहिलेला नाही असे गृहीत धरून एक छापील प्रत खिशात ठेवावी. ड्रम किट आयोजकाचा असला, तरी त्यातला स्नेअर ड्रम, सिंबल (झांजा) आणि पायाने वाजवायच्या किक ड्रमचे पेडल आपलेच न्यावे. साउंड चेकला दोन तास मिळतील असे ठरलेले असते, प्रत्यक्षात वीस मिनिटे मिळतात. त्या वीस मिनिटांत आवडीचे गाणे वाजवत बसू नये, प्रत्येक माइकचा व वाद्याचा आवाज मिक्सरपर्यंत येतो की नाही ते पाहून मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, गायकाचा आवाज लावून घ्यावा.

कार्यक्रम संपतो, सामान आवरेपर्यंत बारा वाजतात, जेवण होऊन निघायला एक होतो, आणि मग खरा धोका सुरू होतो. पहाटे दोन ते पाच ही वेळ झोपेची असते आणि खंबाटकी घाटात ट्रकांची रांगही त्याच वेळी असे. आमचे चालक मामा साठीच्या जवळचे होते, आयुष्य ट्रकवर गेलेले. पहिल्याच फेरीत त्यांनी आम्हाला सुनावले होते, "दोन वाजंपतोर समदी गप्पा मारशीला आणि कराडच्या म्होरं घोरशीला. मग मी कुणासंगं बोलू?" त्यातून दोन नियम ठरले. आम्ही मंचावर असताना मामांनी गाडीत झोपायचे, त्यांना गाणे ऐकायला बोलवायचे नाही. आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याने, पाळीपाळीने, अजिबात झोपायचे नाही. मामा थांबू म्हणाले तर थांबायचे, मग सकाळी कोणाचे ऑफिस असो वा परीक्षा. सहा वर्षांत त्यांनी आमचे एकही गाणे पुरते ऐकले नाही, आणि आम्ही दरवेळी घरी पोचलो.

पावसाळ्यात तारखा घेताना नकाशा समोर ठेवावा. गोव्याला आम्ही संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली या वाटेने जात असू, आणि आंबोलीच्या धुक्यात पंधरा किलोमीटरला तासभरही लागू शकतो. घाट उतरल्यावर दमट हवेत वाद्य लगेच पेटीतून काढू नये, अर्धा तास तसेच राहू द्यावे, नाहीतर सूर लावून झाला म्हणेपर्यंत उतरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि रस्ता काही दिवस बंद राहिला, तेव्हा आम्ही पुण्यात अडकलो होतो. राहण्याचा खर्च कोणी करायचा, हे कोणत्याही कागदावर नव्हते. एका मित्राच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण आणि एक ड्रम किट असे राहिलो, आणि घरच्या लोकांचे फोन लागत नव्हते, म्हणून वाजवण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. त्यानंतर पूर, बंद आणि रस्ता अडणे यांबाबतची एक ओळ आम्ही प्रत्येक करारात घातली.

कानांबद्दल मी उशिरा शहाणा झालो. कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास ऐकणे ही मर्यादा आहे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. ड्रमच्या शेजारी, एका तळघरात, रोज दोन तास आम्ही काय करत होतो हे यावरून कळेल. मी डाव्या बाजूला, क्रॅश सिंबलच्या अगदी जवळ उभा राहत असे, आणि त्या कानात आता रात्रीच्या शांततेत एक बारीक शिट्टी वाजते. ती जात नाही. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग सर्व सूर सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे वाजवणे अडत नाही. पहिल्या महिन्यात विचित्र वाटते, एवढेच.

जेवणाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. वाजवण्यापूर्वी तांबडा-पांढरा ओरपू नये.

सामान भरण्याचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. ड्रमची पेटी गाडीत शेवटी चढते, कारण तीच प्रथम उतरवायची असते. गिटारी टपावर कधीही बांधायच्या नाहीत. आणि केबल ज्याने गुंडाळली त्यानेच ती पिशवीत टाकायची. गाडीच्या दाराला आतून आम्ही ३१ वस्तूंची यादी चिकटवली होती, आणि निघण्यापूर्वी एक जण ती मोठ्याने वाचत असे व दुसरा वस्तूला हात लावून 'आहे' म्हणत असे. बेळगावच्या एका कार्यक्रमानंतर पाऊस आला, घाई झाली आणि यादी वाचायची राहिली. ड्रम सरकू नये म्हणून खाली अंथरायची ड्रमरच्या आजीची सतरंजी तिथेच राहून गेली. ती शेवटच्या, एकतिसाव्या क्रमांकावर होती. तो क्रमांक आम्ही कधी खोडला नाही. यादी वाचणारा दरवेळी 'सतरंजी' म्हणत असे आणि ड्रमर 'बेळगावला' असे उत्तर देत असे, मग मामा गाडी सुरू करत.