घर बघायला चालत जा

एजंट म्हणेल, ‘खाली थांबा, गाडी घेऊन येतो.’ नको म्हणा. पुण्यात पायी फिरून राहता येईल अशी जागा हवी असेल, तर ती बघायलाही पायीच जायचं, आणि जमलं तर घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला बरोबर घ्यायचं. आमच्याकडे ती आई. वय ७६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आधी आम्ही शहराच्या पश्चिम टोकाला, बाराव्या मजल्यावर राहायचो. क्लबहाऊस होतं, पोहायचा तलाव होता, पण कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी ॲप नाहीतर मी. ‘तू आलास की जाऊ,’ हे ती दिवसातून चारदा म्हणायची. त्यामुळे आमच्या यादीतला पहिला प्रश्न एवढाच होता: या घरातून आई एकटी, कोणाला न विचारता, कुठे कुठे जाऊन येईल?

बरोबर पाण्याची बाटली, मोजपट्टी आणि भाजीची पिशवी घ्या. परतीच्या वाटेवर दोन किलो बटाटे भरा. कोथरूड-एरंडवण्यात टेकडीच्या बाजूच्या गल्ल्यांना चढ किती, ते बटाटे सांगतात. साधारण माणूस पाच मिनिटांत ४०० मीटर चालतो. आईला आठ लागतात, म्हणून नकाशावरची मिनिटं आम्ही दीडपटीहून थोडी जास्तच धरली. आईच्या त्या आठ मिनिटांत वाणी, दूध, औषधं, भाजी आणि रिक्षा स्टँड यायला हवेत. पिठाची गिरणी दिसली तर मी लगेच एक मार्क जास्त देतो. दळणासाठी कोणी गाडी काढत नाही, म्हणजे त्या गल्लीत माणसं अजून चालत येतात.

मग फुटपाथ. याला वेळ द्या. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मोजपट्टी लावायला लाज वाटत असेल तर दोघांनी छत्र्या उघडून शेजारीशेजारी चालून बघा. कागदावर दोन मीटरचा असलेला फुटपाथ मध्येच विजेचा डीपी, झाडाचा पार आणि तीन स्कूटर यांच्यात वाटला गेलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे दर बंगल्याच्या फाटकापाशी केलेला उतार: दहा पावलं वर, चार खाली, पुन्हा वर. आईनं अशा एका रस्त्यावर तिसऱ्या फाटकानंतर फुटपाथ सोडला आणि सरळ डांबरावरून चालायला लागली. ती जागा तिथेच बाद झाली. हलणारे पेव्हर ब्लॉक मात्र उन्हाळ्यात कळत नाहीत. पावसात पाय ठेवला की खालून पिचकारी येते.

रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात, ते मोबाइलवर मोजा. २० मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटरच्या वेगानं १७ सेकंदांत पार होतो. आईचा वेग ०.८, म्हणजे २५ सेकंद. आम्ही बघितलेल्या एका चौकात १५ मिळत होते. मेट्रो जवळ आहे म्हणून हुरळून जाऊ नका; लिफ्ट रस्त्याच्या तुमच्या बाजूला उतरते का, ते आधी बघा.

पेठांबद्दल माझं मत जरा उलटसुलट आहे. सदाशिव-नारायणात राहिलात तर सुईदोऱ्यापासून श्रीखंडापर्यंत सगळं हाताशी, आणि मंडईला तर सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोही आली. पण बऱ्याच गल्ल्यांत फुटपाथच नाही, आणि दुचाकीवाला आपल्या कोपराला हलकेच स्पर्श करून जातो. ११ डिसेंबरला, पादचारी दिनाला, लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद असतो. त्या दिवशी जागा बघायला जाऊ नका, प्रेमात पडाल. गणपतीच्या दहा दिवसांत जा. ते सोसलं तर बाकीचं वर्ष सोपं. जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ आणि बाकडी बघून आत शिरलात, तर पहिलं वळण घेतल्यावर ते सुख कुठवर टिकतं तेही पाहा.

एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आणि एकदा रात्री दहाला फेरी मारा. झाडात लपलेले दिवे आणि गल्लीतली कुत्री तेव्हाच कळतात. शेजारच्या प्लॉटभोवती पत्रे ठोकलेले दिसले तर पुनर्विकास निघालाय असं समजा. पुढची दोन-तीन वर्षं काँक्रीटचे मिक्सर त्याच गल्लीत उभे राहणार. आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही, असं असेल तर खालची गिरणी, वाणी, बाकडं सगळं फुकट.

भाडं, डिपॉझिट, पार्किंग या यादीत घातलेलं नाही. ते एजंट न विचारता सांगतो.