जुन्या गाडीचे प्लग काढून इंजिनाचा बिघाड कसा ओळखायचा

गाडी मिसिंग मारायला लागली की आपल्याकडे पहिला हात कार्बोरेटरला जातो. जेट साफ कर, स्क्रू अर्धा फेरा फिरव, परत उलटा फिरव, आणि मग ती जी बिघडते ती महिनाभर ठिकाणावर येत नाही. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर असल्या पॉइंट-कंडेन्सरवाल्या (म्हणजे जुन्या, बिनइलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाड्यांना स्कॅनर लावायची सोय नाही पण ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग चार आहेत, आणि ते चारही ओळीत मांडून बघितले तर कार्बोरेटरला हात लावायचा की नाही ते आधीच कळतं. चारही सारखेच काळे किंवा सारखेच पांढरे असतील तर भानगड सगळ्यांच्या सामायिक गोष्टीत आहे, म्हणजे कार्बोरेटर, चोक, एअर फिल्टर, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). एकच वेगळा दिसतोय तर त्या सिलिंडरमागे लागायचं, बाकी कशाला हात लावू नका.

आता प्लग काढायचा कधी, कारण इथंच बरेच जण फसतात. कोकणात चाकरमान्यांची गाडी गणपतीत गावी आली की शिमग्यापर्यंत मांगरात (गोठ्याच्या छपरात) ताडपत्रीखाली उभी, आणि शेजारचं कोणीतरी दर रविवारी खळ्यात पाच मिनिटं चालू करून बंद करतं. अशा गाडीचे प्लग काळेच निघणार, त्यावरून काहीही ठरवू नका. प्लगचं टोक साधारण ४५०-५०० डिग्रीच्या वर तापलं तरच त्यावरची काजळी जळून जाते आणि खळ्यात उभ्या गाडीत ते तेवढं तापतच नाही. म्हणून आधी दहा-पंधरा किलोमीटर नीट फिरवून आणा, मग सड्यावरचा एखादा सरळ, मोकळा, सपाट रस्ता बघा, टॉप गिअरमध्ये थोडा वेळ एकसारखा पाय दाबून चालवा आणि त्याच वेगात चावी बंद करून लगेच क्लच दाबा, गाडी बाजूला लागेपर्यंत परत चालू करू नका. असं केलं की प्लगवर त्या वेगाचाच रंग राहतो, आयडलिंगचा बसत नाही. हे घाटात करायचं नाही, हायवेवर डंपरच्या पुढ्यात तर अजिबात नाही, आणि स्टिअरिंग लॉक असेल तर चावी फक्त बंद करायची, बाहेर काढायची नाही.

मग इंजिन थंड होऊ द्या. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग ओढलात तर आटे सोलून हातात येतात, आणि ते काम मग लेथवाल्याकडे. वायरींना १, २, ३, ४ अशी चिकटपट्टी लावा, रेडिएटरकडून पहिला (फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, दोन्ही गाड्यांचा १-३-४-२). वायर ओढू नका, टोपी धरून काढा. आणि पाना लावायच्या आधी प्लगच्या खळग्यात हवा मारा, जवळच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन मारली तरी चालेल, कारण आपल्या जांभ्याची लाल धूळ तिथं साचलेली असते आणि प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

चारही प्लग पेपरवर क्रमाने ठेवा, टॉर्च आणि भिंग घ्या. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं चिनीमातीचं टोक बघायचं, अगदी तळात जिथं ते लोखंडाच्या आत जातं तिथंही डोकवायचं.

फिकट तपकिरी किंवा राखाडी, कोरडं असेल तर इंजिन ठीक आहे, परत लावा. जुन्या मॅन्युअलमध्ये छान कॉफीचा रंग लिहिलेला असतो पण तो शिसेवाल्या पेट्रोलचा, ते देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, आताच्या पेट्रोलवर निरोगी प्लग त्यापेक्षा बराच फिका दिसतो. कॉफी आणायच्या नादात मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, करत बसू नका.

कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. आधी चोक पूर्ण उघडतोय का ते बघा, केबल गंजून अर्ध्यावर अडकलेली असते, मग एअर फिल्टर, मग कार्बोरेटरमधलं पेट्रोल अडवणारे फ्लोट आणि नीडल. एकाच प्लगवर काजळी असेल तर त्या सिलिंडरची ठिणगी कमजोर आहे, तिथं कार्बोरेटरचा काही दोष नाही.

ओला काळा प्लग असेल तर बोटाने चोळा आणि वास घ्या. पेट्रोल असेल तर क्षणात उडून बोट कोरडं होतं, म्हणजे तो सिलिंडर पेटतच नाहीये. ऑइल असेल तर चिकट राहतं. मग आंबा घाट उतरून खाली या, परत पाय दाबल्यावर मागे निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा सीलवर संशय, चढताना धूर येत राहिला तर रिंगांवर. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंगा गेल्या, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

खडूसारखा पांढरा, फोड आल्यासारखा प्लग मात्र गंभीरपणे घ्या. हवा जास्त, पेट्रोल कमी, किंवा टायमिंग पुढे गेलेलं. कार्बोरेटरखालचे आणि मॅनिफोल्डचे नट आधी तपासा, सैल असले की तिथून हवा शिरते. हल्ली एक कारण वाढलंय, पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, ह्याला साडेतेराच्या आसपास, म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते. चारही सारखेच पांढरे असतील आणि कुठून हवा शिरत नसेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघण्यासारखा आहे. पण टोकावर बारीक चकाकणारे कण दिसले तर गाडी तिथंच उभी करा, ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं.

तीन प्लग रंगीत आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर खूश होऊ नका, त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. रेडिएटरची पातळी उतरते का बघा.

एवढं आतलं झालं, पण किनाऱ्यावर अर्धे बिघाड प्लगच्या बाहेर असतात. खारी हवा आणि पावसाळ्याची ओल, दोन्ही मिळून वायरी आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर जो पातळ थर बसतो त्यावरून करंट पळतो. प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर उभी, काळी, केसासारखी रेघ दिसली तर ठिणगी आत न जाता तिथून लोखंडात उतरते आहे, प्लग आणि टोपी दोन्ही बदला. लोखंडाच्या कडेला तपकिरी गोल डाग असतो तो वेगळा, त्याने काही होत नाही, गॅस गळतोय म्हणून सांगणारे सांगतात, ऐकू नका. खात्रीच करायची तर पावसाळी रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि लांबून बघा, खराब वायरीवर निळे किडे धावताना दिसतील. हात लावून बघायचं धाडस करू नका.

नवीन प्लग घेताना हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो (लवकर टाकणारा थंड, सावकाश टाकणारा गरम), ते बघा. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम, बरोबर उलटं. त्यात जुन्या दुकानात मायकोचा डब्ल्यू १७५ मिळाला तर तो जुना हिशोब, तिथं मोठा आकडा थंडच. आकडा बघून अंदाजाने घेऊ नका, तक्ता मागा.

दोन इलेक्ट्रोडमधला गॅप पॉइंटवाल्या गाडीला ०.६ मिमीच्या आसपास ठेवा, फिलर गेजने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजून, बाहेरची वाकडी पट्टी हलक्या हाताने वाकवून, मधल्या इलेक्ट्रोडला जोर लावायचा नाही. तारेच्या ब्रशने चिनीमाती घासू नका, धातूच्या रेघा उठतात. प्लग आधी नुसत्या हाताने पूर्ण आत फिरवा, अडला तर काढून परत सरळ लावा, टेकल्यावर नवीन वॉशरला पान्याने साधारण अर्धा फेरा, जुन्या दबलेल्या वॉशरला जेमतेम बाराव्या भागाएवढा. आणि काढलेले प्लग फेकू नका, नंबर आणि तारीख लिहून डबीत ठेवा, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघायला लागतील.