माजी सैनिकाला नोकरीला लावताना

निवृत्त होऊन घरी आले की आधी नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र काढायला सांगा. डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळवा. अर्ज बहुधा इथेच अडतो.

राज्याच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मिळणारं) आहे, अर्जात तो रकाना भरायचाच.

खरी मेहनत बायोडेटावर घ्या. ‘हवालदार, एमटी’ (मोटार ट्रान्सपोर्ट, म्हणजे लष्करी वाहनांचं काम) एवढंच लिहिलं तर मिहानमधल्या, म्हणजे नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातल्या, कंपनीच्या एचआरला काय कळणार? ‘किती गाड्या, किती माणसं, कोणती दुरुस्ती’ असं लिहा. फक्त सुरक्षारक्षकाचीच जागा दाखवू नका. स्टोअर, वाहतूक, देखभाल ही कामं त्यांनी वर्षानुवर्षं केलेली असतात.