फक्त अठरा हजार चाललेली जुनी गाडी: घ्यावी की सोडावी?

खान्देशात जपून ठेवलेली जुनी गाडी बहुतेक वेळा खळ्यात, गोडाऊनमध्ये नाहीतर बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडते. आजोबांनी हौसेने घेतलेली प्रीमियर पद्मिनी, व्यापाऱ्याची काँटेसा, डॉक्टरांची पहिली मारुती ८००. घरातले मोठे माणूस गेले, मुले पुण्याला किंवा सुरतेला स्थायिक झाली आणि गाडी होती तिथेच राहिली. ती विकायला निघाली की पहिले वाक्य ठरलेले असते: ‘फक्त अठरा हजार चाललीय.’ साक्री-धुळ्याकडे गेलात तर पुढे हेही ऐकू येते, ‘घरनी गाडी शे भाऊ, उभीच व्हती.’

माझे मत आधीच सांगतो. कमी किलोमीटरसाठी जादा पैसे दोनच अटींवर द्यावेत. आकडा कागदावर सिद्ध झाला पाहिजे, आणि गाडी दर वर्षी थोडी तरी चाललेली पाहिजे. पहिली अट सगळे तपासतात, दुसरी फार कमी जण. नुकसान मात्र दुसरीतच जास्त होते.

गाडी कशासाठी हवी, ते आधी ठरवा

दर रविवारी धुळ्याहून नाशिकला जायचे असेल, पोरांना बसवून तोरणमाळचा घाट चढायचा असेल, तर अठरा हजारांची गाडी तुमच्यासाठी नाही. जादा किंमत तुम्ही त्या आकड्यासाठी देणार आणि प्रत्येक फेरीत तोच आकडा खर्च करणार. त्यापेक्षा सत्तर-ऐंशी हजार चाललेली, पण सगळी बिले फाइलला लावलेली गाडी घ्या. ती स्वस्त पडेल आणि मनसोक्त चालवता येईल.

जपायची असेल तर बंद, कोरडी, सावलीतली जागा लागते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात अंगणात कव्हर घालून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तडकतो, दरवाज्यांची रबरे कडक होतात, रंग उडतो. जागा नसेल तर आधी जागा करा, मग गाडी.

आणखी एक. प्रत्येक जुनी गाडी संग्रहाची होत नाही. काँटेसा १९८४ ते २००२ एवढीच वर्षे निघाली, अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. अशा गाड्यांची आठवण लोकांच्या मनात आहे आणि धड राहिलेल्या गाड्या कमी होत चालल्या आहेत. पंधरा हजार चाललेली २००८ची साधी हॅचबॅक कितीही चकाचक असली तरी ती जुनी हॅचबॅकच. तिला हौसेचा भाव देऊ नका.

आकडा खरा आहे का, ते असे पाहा

जुन्या अनेक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यावर येते, म्हणजे १८,००० दिसते तिथे खरे १,१८,००० असू शकतात. शिवाय जुने मीटर केबलवर चालते. केबल काढली की गाडी पळते, आकडा जागेवरच. म्हणून मीटर शेवटी बघा. आधी गाडी काय सांगते ते बघा.

ड्रायव्हरकडचा दरवाजा अर्धा उघडा, खालून दोन्ही हातांनी धरा आणि हळूच वर उचला. बिजागरीत खेळ असेल, दरवाजा खाली बसलेला असेल तर तो हजारो वेळा उघडला गेला आहे. मग तिन्ही पेडलांची रबरे बघा. क्लचच्या रबराची एक कड गुळगुळीत झालेली आणि मीटरवर अठरा हजार, असे जमत नाही. रबरे कोरी करकरीत असतील तर तीही नंतर बदललेली असू शकतात, म्हणून पेडलाचा लोखंडी दांडा आणि शेजारची मॅट बघा. स्टिअरिंगची चकाकी, गिअरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि चावीचे झिजलेले दात यांचीही साक्ष घ्या.

टायरच्या बाजूला छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. (२००० पूर्वीच्या टायरवर तीनच आकडे असतात.) स्टेपनी विसरू नका, ती बहुतेक वेळा मूळचीच राहते. टायर बदललेले असले म्हणून लगेच शंका घेऊ नका, कारण रबर वयानेही मरते. पण टायर तीनदा बदलले, क्लच प्लेट बदलली, ब्रेक लायनिंग दोनदा बदलले अशी बिले निघाली आणि मीटरवर अठरा हजारच असतील, तर हिशेब चुकतोय. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातला शिक्का एकाच कंपनीचा आणि गाडीच्या सालाशी जुळणारा हवा. एकच काच वेगळी असेल तर का, ते विचारा.

खरी कसोटी मात्र सर्व्हिसच्या बिलांची. बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेले असते. सगळी बिले घेऊन एका कागदावर सालवार मांडा. समजा गाडी १९९९ची आहे. २००३ पर्यंत सतरा हजार आणि त्यानंतर एकही बिल नाही, ही एक गाडी. दर वर्षी सात-आठशे किलोमीटर, दर वर्षी ऑइल बदललेले, ही दुसरी. दोन्हींच्या मीटरवर अठरा हजारच. पहिली वीस वर्षांहून जास्त काळ उभी होती, दुसरी जिवंत होती. मला विचाराल तर दुसरीला जादा पैसे द्यावेत. पहिलीचा भाव पाडावा, कितीही चमकत असली तरी.

उभी गाडी आतून कशी खराब होते

टाकीत राहिलेले पेट्रोल शिळे होते, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकांमध्ये बसतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पिस्टनच्या रिंगा बसून जातात. एसी वर्षानुवर्षे लावलेला नसेल तर कॉम्प्रेसरचे सील सुकते आणि गॅस निघून जातो. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) असलेल्या गाडीत तो किलोमीटरइतकाच वर्षांवरही बदलायचा असतो, आणि काही इंजिनांमध्ये तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

आपल्याकडच्या हवेचा एक मोठा फायदा आहे. कोकणातली किंवा मुंबईची गाडी तळातून गंजते, खान्देशातली त्या मानाने कोरडी राहते. म्हणून मूळपासून एमएच-१८, एमएच-१९ किंवा एमएच-३९ पासिंगची, इथेच वाढलेली गाडी पत्र्याच्या बाबतीत बरी निघण्याची शक्यता जास्त. तरीही चुंबक कापडात गुंडाळून दरवाज्याखालच्या पट्टीवर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी वरून भरलेली पुट्टी आहे.

तोटा पाण्याचा. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय सगळीकडे आहे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा. आत पांढरा थर किंवा विटकरी गाळ दिसला तर ही गाडी घाटात तापणार. कापूस किंवा धान्याच्या गोडाऊनमध्ये उभी असेल तर बॉनेटखाली आणि सीटखाली उंदरांच्या लेंड्या शोधा. वायरिंग कुरतडलेले असले तर दुरुस्ती सगळ्यात चिवट, आणि खर्चाचा अंदाज कोणताच मिस्त्री नीट देऊ शकत नाही.

आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) त्यासाठी बनलेले नव्हते. ते बदलायचा खर्च आधीच धरा. पाइप चिरून गरम इंजिनवर पेट्रोल गळणे हा जिवाशी खेळ आहे.

बाहेरून आलेली गाडी

जीजे-०५ म्हणजे सुरतची गाडी असेल आणि ती २००६ च्या ऑगस्टआधीची असेल, तर तापीच्या पुरात होती का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुंबईच्या गाडीला २६ जुलै २००५ साठी हाच प्रश्न लावा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहून जाते. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचे स्क्रू बघा.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. ही रक्कम किमतीत मिळवून मगच स्वस्त म्हणा.

कागदपत्रे

खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. शेडमध्ये पडलेल्या गाडीची मुदत बहुतेक वेळा संपून गेलेली असते आणि उशिराचे शुल्क महिन्यागणिक साचत जाते. १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. हे सगळे जुन्या मालकाने भरून आरसी चालू करून द्यावी, मग व्यवहार.

मूळ मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या. ‘सगळे भाऊ तयार आहेत’ या शब्दावर विसार देऊ नका. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, दंडाचे चलन आणि विमा बघा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला एकेक अंक आरसीशी ताडून पाहा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, आणि गाडी ३० दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

५० वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. विम्याचे आधी विचारून ठेवा. ५ वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, ती लेखी घ्या.

ट्रायल

मालकाला आधी सांगा, ‘दादा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. फार वर्षे उभी असलेली गाडी स्टार्टर मारून सुरूच करू देऊ नका. आधी मिस्त्रीकडून प्लगच्या भोकांत थोडे ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवून घ्या, नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर इंजिन उघडावे लागेल असे धरून चाला.

चालवायला दुपारच्या उन्हातच जा. धुळ्याला असाल तर लळिंगचा घाट, चाळीसगावला कन्नडचा. वीसेक किलोमीटर झाले की गाडी बंद करा, पंधरा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. कार्ब्युरेटरची गाडी उन्हात इथेच दगा देते. पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि स्टार्टर नुसता फिरत राहतो.

भाव

चालू स्थितीतल्या तशाच गाडीचा भाव धरा. त्यातून पाचही टायर, बॅटरी, सगळे होज पाइप, ब्रेकचे पूर्ण काम, बेल्ट, टाकी आणि कार्ब्युरेटरची सफाई यांचा गॅरेजवाल्याने लिहून दिलेला खर्च वजा करा. इंजिनचे सामान मुंबईत ऑपेरा हाउस, कुर्ला किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला शोधून मिळते. क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, दरवाज्यांची मूळ रबरे मिळता मिळत नाहीत. म्हणून इंजिन बंद पण अंग पूर्ण असलेली गाडी मी चालू पण अर्धवट सामानाच्या गाडीपेक्षा वर ठेवतो.

चेसिस नंबर जुळत नसेल, पुराची खूण सापडली असेल, किंवा मालक गाडी तुमच्या मिस्त्रीला दाखवायला तयार नसेल, तर भाव कितीही उतरला तरी घेऊ नका. बाकी सगळे जुळले आणि फक्त किमतीवर अडले असेल, तर गॅरेजच्या खर्चाचा तो कागद मालकासमोर ठेवा. नंबर देऊन या आणि पावसाळा संपेपर्यंत वाट पाहा.