बाळंतपणासाठी सुईण की डॉक्टर?

आधी जोखीम बघा, मग माणूस निवडा. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, मधुमेह, जुळं, शेवटच्या महिन्यातही पायाळू असलेलं बाळ, आधीचं सिझेरियन किंवा वार (बाळाला नाळेनं जोडलेला, पोषण देणारा भाग) गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असणं, यातलं एकही असेल तर प्रसूतितज्ज्ञच हवा, तोही शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी. सगळं सुरळीत असेल तर प्रशिक्षित, नोंदणीकृत सुईण उत्तम. कळा सोसताना शेजारी बसून राहायला तिच्याकडे वेळ असतो, आणि ती सोबत फार मोलाची.

पाचव्या-सहाव्या महिन्यातच भेटा. रात्री ३ वाजता कळा सुरू झाल्या तर प्रत्यक्ष कोण येणार, हे स्पष्ट विचारा. बाळ जन्मताच आईला गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात का, तेही विचारा. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर रक्तस्राव थांबत नाही आणि बाईचा जीव बघता बघता धोक्यात येतो. न रडलेल्या बाळाला श्वास द्यायचा मास्क खाटेजवळच हवा, कपाटात नव्हे. तो पहिल्या मिनिटातच लागतो. रक्त कुठून मिळेल, गाडी कुठली, तेही आत्ताच ठरवा.

‘सिझेरियन कधी करता?’ याची कारणं नीट सांगणारा डॉक्टर निवडा. ‘ते आमच्यावर सोडा’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.