घरचा पीसी बदलायचा की अजून चालवायचा, कसं ठरवायचं

आमच्या शेजारच्या काकांचा मागे एकदा रविवारी सकाळी फोन आला, अगं जरा येऊन बघतेस का, बँकेची साइट उघडतच नाहीये आणि रिपेअरवाला म्हणतोय मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या, चाळीस हजाराचं कोटेशन देऊन गेलाय. मी गेले, पीसी चालू केला, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१५. आदल्या दिवशी दुरुस्त केलेली म्हणे, रात्री बंद केला की सकाळी परत तेच. खाली जाऊन घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ चा चपटा सेल आणला, चाळीस रुपये, मदरबोर्डवरचा, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरचा, जुना काढून बसवला, तारीख लावली, साइट उघडली. पीसी बंद असताना आतलं घड्याळ त्या एवढ्याशा सेलवर चालतं, सेल संपला की तारीख मागे जाते, आणि त्या मागच्या तारखेला बँकेच्या साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, जन्मालाच आलेलं नसतं, मग ब्राउझर दारातच अडवणार ना. चाळीस हजार आणि चाळीस रुपये. तेव्हापासून कोणी विचारलं की नवीन पीसी घेऊ का, तर मी आधी उलटा प्रश्न विचारते, नक्की होतंय काय?

कारण "स्लो झालाय" ही तक्रारच नाही. डॉक्टरला नुसतं "बरं वाटत नाही" सांगण्यातला प्रकार. एक आठवडा कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून काढा: चालू व्हायला किती वेळ लागला, काय उघडलं तेव्हा अडकला, आपोआप बंद पडला का, दुपारीच पडतो की कधीही. वैतागवाणं काम आहे पण सात दिवसांत चित्र स्पष्ट होतं, आणि बऱ्याचदा असं दिसतं की रडगाणं एकाच गोष्टीचं आहे.

आता अडकला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. तिथे डिस्क सारखी १०० टक्क्यांना चिकटलेली असेल तर दोष बहुतेक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. मेमरी काही विशेष उघडलं नसतानाही ८५-९० टक्के असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, कमी पडतेय. आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसरच, कायम वर असेल तर आधी बघा कुठला प्रोग्रॅम खातोय, फुकटचे दोन-दोन अँटीव्हायरस एकमेकांशी भांडत असतात, आणि ते काढूनही फरक नाही पडला तरच प्रोसेसर म्हातारा झाला म्हणा.

हार्ड डिस्कचं जरा सविस्तर सांगते कारण घरच्या जुन्या पीसीत निम्मी गोष्ट इथेच मिटते. तिच्यात खरोखरची चकती फिरते आणि तिच्यावर एक हात मागेपुढे पळतो, विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात आणि तो हात बिचारा धावत सुटतो. सलग मोठी फाइल असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साटा जोडणीची साधी एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, पाचशेच्या वर देते, पण खरा फरक त्या बारीक फायलींमध्ये कळतो कारण एसएसडीत पळणारा हातच नाही. माझा स्वतःचा पीसी म्हणजे आय३-४१५०, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१९ पर्यंत असा झाला होता की बटण दाबून मी चहा टाकायला जायचे आणि चहा उकळून, गाळून, कप घेऊन आले तरी ते गोल गोल फिरतंच. तेव्हा २४० जीबीची एसएसडी आणि आणखी चार जीबी रॅम टाकली, सगळं मिळून चार हजाराच्या आत. अर्ध्या मिनिटात चालू व्हायला लागला, आणि पुढे सहा वर्षं काढली त्याने. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने मात्र त्या दिवशी मला तीन वेळा विचारलं होतं, मॅडम एवढ्या जुन्याला कशाला पैसे लावताय.

पैसे लावायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून डिस्कची तब्येत बघा. निळ्या चौकटीत गुड असेल तर ठीक, पिवळ्यात कॉशन असेल तर त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, बाकीचं नंतर बघू. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर सॉफ्टवेअरसुद्धा चालवत बसू नका, थेट कॉपीच.

दुसरी फुकटातली गोष्ट म्हणजे धूळ. आमच्याकडे दिवाळीला पंखे, माळा, खिडक्यांचे गज सगळं पुसलं जातं आणि कॅबिनेटला वरून फडकं मारतात, आत कोणी बघत नाही. मी बाजूचं झाकण काढलं तेव्हा प्रोसेसरवरच्या फॅनखाली राखाडी रंगाची अक्षरशः गोधडी होती, बोटाने एका तुकड्यात उचलली गेली, आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी भुगा झालेली. एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, जाळीपाशी एक सुकलेली पाल पण होती, ते जाऊ दे. अशा अवस्थेत प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तरीही नाही भागलं तर पीसी बंद पडतो. म्हणजे दुपारीच हळू, दुपारीच बंद, असं तुमच्या कॅलेंडरच्या पानावर असेल तर आधी साफसफाई. प्लग काढा, मग बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं पेन्सिलीने अडवून धरा नाहीतर तो भन्नाट फिरून खराब होतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात झटका बसण्याएवढी वीज साठलेली असू शकते.

एवढं करून पीसी पळायला लागला तरी एक प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते आज बदलायचं की नाही हे वेगापेक्षा याच्यावर ठरतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पीसी त्या दिवशी बंद पडला असं नाही, चालतोच, पण नवीन सापडलेली भोकं बुजवायला मायक्रोसॉफ्ट आता आपणहून येत नाही. त्याच्यावर फक्त गाणी ऐकायची, पत्ते खेळायचे तर कोण अडवतंय, पण नेट बँकिंग, डीमॅट, इन्कम टॅक्सचं रिटर्न त्याच्यावरूनच भरत असाल तर हे टाळून चालणार नाही.

विंडोज ११ साठी ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीत रायझन २००० किंवा पुढचा, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. इंटेलची पिढी ओळखायची तर आय५ नंतरचा आकडा बघा. आय५-७४०० सातवी, आय५-८४०० आठवी, आय५-१०४०० दहावी. इथे एक गंमत होते, बऱ्याच जणांना तपासणीत "टीपीएम नाही" असं लाल अक्षरात दिसतं आणि ते नवीन पीसीच्या चौकशीला लागतात. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर टीपीएम बहुतेक वेळा असतो, नुसता बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद असतो. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम असं लिहिलेलं सापडेल, ते चालू करा, परत तपासा. आधी खात्री करायची असेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाइप करा, तिथे कळतं.

सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचं मशीन असेल तर माझ्या मते तीन वाटा. एक, मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट दिलेत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत, तेवढी मुदत घ्या आणि शांतपणे पैसे साठवा. दोन, विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची फुकट सिस्टीम टाका, ब्राउझर आणि यूट्यूबपुरतं काम असेल तर कोणाला फारसा फरक कळत नाही. तीन, नवीन घ्या. यूट्यूबवर जुन्या मशीनवर विंडोज ११ घुसवायच्या युक्त्या ढिगाने आहेत, होतं पण तसं, फक्त पुढचे अपडेट मिळत राहतील याची कोणी हमी देत नाही, आणि मग ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप केला तीच राहिली बाजूला.

बिघाडाचं गणित वेगळं. मी स्वतः असं धरते की दुरुस्तीचा खर्च आपल्याला लागणाऱ्या नवीन पीसीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला की थांबायचं. पण रकमेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे टाकलेली वस्तू पुढच्या मशीनला चालेल का. साटा एसएसडी चालेल, मॉनिटर चालेल, कीबोर्ड-माऊस चालेल, चांगला एसएमपीएस आणि कॅबिनेटसुद्धा बऱ्याचदा चालेल. डीडीआर३ म्हणजे जुन्या पिढीची रॅम नाही चालणार, तिची खाचच वेगळी. म्हणून डीडीआर३ वाल्या पीसीचा मदरबोर्ड खरंच गेला असेल तर सेकंडहँड बोर्ड शोधत फिरू नका, नवा बोर्ड म्हटला की नवा प्रोसेसर आणि नवी रॅम आलीच, म्हणजे नवीन पीसीच झाला की तो. लॅपटॉपला तर अजून कमी वाव, कित्येक पातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. बॅटरी आणि एसएसडी बदलून निभत असेल तर करा, बिजागरीने बॉडी फोडली असेल तर राम राम.

घ्यायचंच ठरलं तर "आय७ आहे, घ्या" याला भुलू नका. रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या मालाच्या, बाजारात आय७-३७७० वाले पीसी चकाचक पुसून ठेवलेले असतात, तो प्रोसेसर २०१२ चा. २०२२ ला आलेला आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो, आणि विंडोज ११ साठी अधिकृत चालतो. नाव नाही, आकडा वाचायचा. रॅम आता १६ जीबी घ्या, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत कारण मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय, त्यामुळे जुन्या पीसीतली डीडीआर४ रॅम नव्या बोर्डवर चालवता येत असेल तर डीडीआर४ चा बोर्ड बघा, हौसेने डीडीआर५ वर जाऊ नका. आणि कोटेशन घेताना प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल नाव लिहून मागा, नुसतं "५१२ एसएसडी, गिगाबाइट बोर्ड" असं लिहिलेला कागद परत द्या.

वेळ कुठली? रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात किंवा पोरांच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म चालू असताना अजिबात नको. माझ्या मैत्रिणीने जुलैअखेरीस बदलला आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत दोन रात्री जागली.

नव्यावर जाताना मराठी माणसाला हमखास नडणारी गोष्ट म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका, सोसायटीची पत्रं, वंशावळ, जे असेल ते नव्या पीसीवर उघडलं की कखगच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. जुन्या पीसीतला फॉन्ट्सचा फोल्डर आधी कॉपी करून घ्या. तसाच पंधरा वर्षांचा प्रिंटर, त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा असेल तर विंडोज ११ वर चालणार नाही कारण ते ६४ बिटमध्येच येतं. आणि नव्या पीसीवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलंत की बऱ्याचदा डिस्क आपोआप लॉक होते, तिची रिकव्हरी की तुमच्या अकाउंटच्या पानावर असते, ती ४८ आकड्यांची, कागदावर लिहून आधार कार्डाच्या फाइलीत ठेवा. पुढे कधी बायोस अपडेट झालं आणि निळा पडदा ती रिकव्हरी की मागायला लागला तर तिच्याशिवाय फोटो गेले म्हणून समजा.

जुना पीसी लगेच देऊन टाकू नका, महिनाभर बाजूला जोडूनच ठेवा, काहीतरी राहिलेलं असतंच. माझ्या त्या आय३ वर आता मिंट आहे, आई त्याच्यावर कीर्तनं ऐकते आणि पंचांग बघते, तिला विंडोज गेल्याचं अजून सांगितलेलं नाही. भंगारात देणार असाल तर हार्ड डिस्क काढून घ्या, थोडे स्क्रू असतात फक्त, यूएसबीच्या डबीत बसवली तर जास्तीचा बॅकअप म्हणून चालते. बाकीचा सांगाडा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. काकांनी त्यांचा जुना संपलेला सेलसुद्धा मला परत दिला होता, ई-कचऱ्यात टाक म्हणून.