नशेची अळंबी जप्त केलीत? प्लास्टिकची पिशवी आधी बाजूला ठेवा

गंगापूर रोड असो की सिडको, कुणाच्या बंद खोलीत डब्यांतून पिकवलेली नशेची अळंबी सापडली की तपासी अंमलदाराचा हात आधी प्लास्टिकच्या पिशवीकडे जातो. तो आवरा. माझी सगळी नोकरी असले नमुने उघडण्यात गेली. श्रावणातल्या नाशकात पिशवीत कोंडलेली ओली अळंबी बघता बघता काळी, चिकट होते. पाकीट फोडलं की खोलीभर वास. त्या लगद्यात काय शोधणार?

ताजा माल कागदी पिशवीत घ्या, पंचांसमोर ओलं वजन करा. मग अंधाऱ्या, हवेशीर जागी वाळवून पुन्हा वजन. कुठे वाळवलं, कुणाच्या ताब्यात होतं, तेही लिहा. अळंबीत सुमारे 90 टक्के पाणीच असतं. पंचनाम्यात 500 ग्रॅम आणि प्रयोगशाळेत 50 भरले, तर आरोपीच्या वकिलाला आयतं हत्यार मिळतं. ओली अळंबी फ्रीजरमध्येही कोंबू नका. वितळताना पेशी फुटतात, सायलोसिनचं (अळंबीतल्या एका नशेच्या घटकाचं) ऑक्सिडीकरण होऊन ती निळी पडते. नमुने काढायचे ते एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 52-ए प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोरच.

टोप्या-दांडे, डब्यातला पांढरा बुरशीचा थर आणि बीजाणूंची सिरिंज वेगवेगळी बांधा. बीजाणूंत सायलोसायबिन, म्हणजे अळंबीतला मुख्य नशेचा घटक, जवळपास नसतंच. नुसती सिरिंज पाठवलीत तर रासायनिक अहवाल निरंक येणार. तिथे जात ओळखायला डीएनए तपासणीच मागावी लागते.

प्रयोगशाळेत एर्लिखचा अभिकर्मक टाकला की जांभळा रंग येतो. बघायला छान, पण तो इतर इंडोल (तशाच रचनेच्या) संयुगांनाही येतो, म्हणजे पुरावा नव्हे. पुढे जीसी-एमएसमध्ये (नमुना तापवून, वायू करून घटक ओळखणारं यंत्र) खरी गोम आहे. त्या यंत्राच्या उष्णतेने सायलोसायबिनमधला फॉस्फेट सुटतो आणि कागदावर फक्त सायलोसिन उमटतं. मूळ मालात काय होतं ते कळायला एलसी-एमएस (द्रावणातच तपासणारं यंत्र) हवं, नाहीतर नमुन्यावर आधी सिलिलेशन, म्हणजे उष्णतेत रेणू टिकवणारी रासायनिक प्रक्रिया, करावं लागतं.

म्हणून फॉरवर्डिंग लेटरमध्ये 'अंमली पदार्थ आहे काय?' एवढंच विचारून थांबू नका. दोन्ही पदार्थांची नावं लिहा आणि टक्केवारी मागा. कायद्यात सायलोसायबिनसाठी अल्प मात्रा 2 ग्रॅम, व्यावसायिक 50 ग्रॅम. जानेवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात अळंबी हे मिश्रण नाही असं म्हटलं. त्यातल्या सायलोसायबिनचं नव्हे, तर अख्ख्या अळंबीचं वजन धरून चालणारा खटला तिथेच अडतो.

आणि हो, पत्रासोबत सीलचा नमुना ठसा जोडा. तो नसेल तर पाकिटावरचं सील जुळवायचं कशाशी?